राणीपासून वसाहत : वाशीम जिल्ह्यातील मुंग्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंग्यांची वसाहत ज्या अवस्थेत माणसाच्या नजरेस पडते, ती तिच्या आयुष्यातील बरीच उशिराची अवस्था असते. शेताच्या धुऱ्यावरील बाभळीच्या बुंध्यापाशी काळ्या मुंगळ्यांची रांग ये-जा करताना दिसू लागते, तेव्हा त्या रांगेमागे बराच काळ लोटलेला असतो; आणि त्या काळाचा पहिला तुकडा, म्हणजे एकटी मादी जमिनीत शिरल्यापासून तिच्या पहिल्या लेकी बिळाबाहेर येईपर्यंतचे दिवस, उघड्या रानात कोणालाच पाहता येत नाहीत, कारण पाहण्यासाठी माती उकरावी तर जे पाहायचे तेच मोडून पडते. समागम आटोपून जमिनीवर उतरलेली राणी वेळीच हेरून पकडणे आणि तिला काचेच्या नळीत स्वस्थ ठेवून वसाहतीचा आरंभ डोळ्यांसमोर घडू देणे, हा या अडचणीवरचा जवळजवळ एकमेव उपाय आहे. युरोप-अमेरिकेत तो छंद म्हणून रुळला असून त्यावर तेथील हवामानाला धरून पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनातील महिने, माती आणि मुंग्यांच्या जाती वऱ्हाडात लागू पडत नाहीत. प्रस्तुत पुस्तक वाशीम जिल्ह्याचा पाऊस, तेथील जमीन आणि तेथील मुंग्या यांना समोर ठेवून रचलेले आहे, आणि राणी मिळवण्यात सापळ्याचा वाटा थोडा व वेळ आणि जागा ओळखण्याचा वाटा फार मोठा, ही त्यामागची धारणा आहे.

राणी म्हणजे वसाहतीतील अंडी घालणारी मादी. बिळाबाहेर वावरणाऱ्या कामकरी मुंग्याही माद्याच असतात, मात्र त्यांना पंख कधीच येत नाहीत आणि बहुतेक जातींत त्यांचा समागमही होत नाही. पुरेशी वाढलेली वसाहत ठरावीक मोसमात पंख असलेल्या माद्या व पंख असलेले नर वाढवते, त्यांना काही काळ बिळातच पोसते आणि हवा अनुकूल होताच बाहेर सोडते. आसपासच्या अनेक वसाहतींतील पंखवाले एकाच सुमारास उडतात व त्यांचा समागम होतो, यालाच मीलनउड्डाण म्हणतात. नराचे काम तेथेच संपते आणि तो एक-दोन दिवसांत मरतो. मादीला मिळालेले शुक्राणू तिच्या पोटातील शुक्रकोश नावाच्या लहानशा पिशवीत जिवंत राहतात आणि पुढे आयुष्यभर ती तेवढ्याच साठ्यावर अंडी फळवते: ज्या अंड्याला शुक्राणू मिळतो त्यातून मादी निपजते, ज्याला मिळत नाही त्यातून नर; त्यामुळे नर मुंगीला आईकडचा आजा असतो, पण बाप नसतो. राणीचे आयुष्यही लहान नसते. युरोपातील काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. एकदाच्या समागमावर इतकी वर्षे चालणारा व्यवहार प्राणिसृष्टीत विरळाच म्हणावा लागेल.

जमिनीवर उतरल्यावर राणी पहिली गोष्ट करते ती पंख गाळण्याची. पंखांच्या मुळाशी एक कच्ची रेषा असते. राणी पायांनी पंख रेटून ते त्या रेषेवर मोडते, आणि वक्षाच्या, म्हणजे डोके व पोट यांच्या मधल्या भागाच्या, दोन्ही बाजूंना केवळ खुंट उरतात. मग ती ओल्या मातीत, दगडाखाली किंवा झाडाच्या मुळाशी एक लहानशी कोठडी खणते आणि तिचे तोंड आतून बुजवून घेते. मुंगळ्यासह अनेक जातींच्या राण्या यानंतर काही आठवडे काहीही खात नाहीत. उडण्यासाठी जे भरदार स्नायू वक्षात होते ते आता निरुपयोगी झालेले असतात. ते हळूहळू विरघळतात, आणि त्यांतून व अंगच्या चरबीतून निघालेल्या रसावर, तसेच खाण्यासाठीच घातलेल्या न फळणाऱ्या अंड्यांवर, राणी पहिल्या अळ्या वाढवते. या पद्धतीला बंदिस्त संस्थापन असे म्हणता येईल. मोजक्या शिदोरीवर वाढल्यामुळे पहिल्या खेपेच्या कामकरी मुंग्या नेहमीपेक्षा लहान व बुजऱ्या असतात, पण कोठडीचे तोंड उघडून बाहेरचा पहिला घास आत आणतात त्या याच, आणि राणी तेथून पुढे सहसा बाहेर पडत नाही. काही जुन्या धाटणीच्या शिकारी मुंग्यांत मात्र राणीला आरंभीच्या काळात स्वतः भक्ष्य आणावे लागते. अशा राणीला बंदिस्त नळीत उपाशी ठेवले तर ती मरते, म्हणून जात ओळखण्यापूर्वी पद्धत ठरवणे धोक्याचे असते.

उड्डाणासाठी पावसाचीच निवड का व्हावी, याला कारणे आहेत. कोरड्या कडक जमिनीत एकट्या मादीला कोठडी खणणे जवळजवळ अशक्य असते. दमट हवेत तिच्या अंगातील पाणी टिकते. आणि दूरदूरच्या वसाहतींना एकमेकींचा निरोप कळण्याचे दुसरे साधन नसताना पावसाची एक मोठी सर सगळ्यांना एकाच वेळी मिळणारी खूण ठरते. एकाच वेळी उडाल्याने निरनिराळ्या वसाहतींच्या नर-माद्यांची गाठ पडते, आणि भक्षकांची पोटे भरूनही काही माद्या शिल्लक राहतात. त्या शिल्लक राहण्याचे प्रमाण मात्र फारच थोडे. सर ओसरल्यावर विजेच्या तारांवर बसलेले कोतवाल आणि वेडे राघू हवेतल्या हवेत पंखवाल्या मुंग्या टिपतात, खाली बेडूक आणि पाली वाट पाहत असतात, आणि या सगळ्यांतून वाचलेल्या राणीला दुसऱ्या वसाहतींच्या कामकरी मुंग्या गाठून ओढत नेतात.

वाशीम जिल्ह्यात या मोसमाचे वेळापत्रक शेतकऱ्याला निराळे शिकवावे लागत नाही, कारण ते त्याच्या खरिपाच्या वेळापत्रकाला समांतर चालते. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते, वळवाच्या सरी येऊन जातात. ७-८ जूनला मृग निघतो, आणि मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास विदर्भात पोचतो. वखरणी झालेली असते, सोयाबीन व तुरीचे बियाणे घरात येऊन पडलेले असते, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये या कृषी खात्याच्या सल्ल्यामुळे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून असतो. नेमक्या याच दिवसांत, मखमली लाल मृगाचा किडा धुऱ्यावर दिसू लागतो तेव्हा, पहिल्या काही जातींच्या मुंग्या उडू लागतात. दिवसभराचा उकाडा, दुपारनंतर पडलेली दणदणीत सर आणि तिच्यामागून आलेली वारा पडलेली, घामेजलेली संध्याकाळ, असा योग जुळला की दिव्यांवर नजर ठेवावी. अर्थात सगळ्या जाती एकाच पावसात उडत नाहीत. काही पहाटे उडतात, काही तिन्हीसांजेला, काही पहिल्याच सरीला, तर काही जमीन पुरती मुरल्यावर. म्हणून मृगाच्या पहिल्या आठवड्यात राणी मिळाली नाही तर मोसम संपला असे समजण्याचे कारण नाही.

वेळेइतकीच जागाही महत्त्वाची. जिल्ह्याचा पाया दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा असून त्यावर काळी कसदार कापसाची जमीन पसरलेली आहे. ही जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते आणि पावसाळ्यात फुगून त्या भेगा बुजवून टाकते. पाऊस लागून राहिला की तिच्यात पाणी साचते. अशा हलत्या-फुगत्या, शिवाय दरवर्षी नांगरल्या-वखरल्या जाणाऱ्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकणारे बीळ करणे मुंगीला सोपे नाही. म्हणून जुन्या वसाहती शोधायच्या त्या वाहितीच्या मध्यभागी नव्हेत, तर धुऱ्यांवर, मुरमाड बरड जमिनीत, नाल्याच्या काठावर, गावठाणाच्या कडेला आणि गावोगावच्या ई-क्लास जमिनींवर, म्हणजे सरकारी गुरचरण म्हणून राखलेल्या पडीत रानांवर. आणि उडालेल्या राण्याही अशाच जागांच्या आसपास उतरताना सापडण्याचा संभव अधिक. कारंजा तालुक्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी राखलेले आहे, पण नांगर न लागलेले तेथले गवताळ माळरान मुंग्यांच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. ते पाहण्यासाठी आहे; तेथून परवानगीवाचून एक मुंगीही उचलता येत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

आरंभ करणाऱ्याने कोणती मुंगी निवडावी, या प्रश्नाला या पुस्तकाचे उत्तर मुंगळा असे आहे. शास्त्रात तिला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. फॅब्रिसियसने १७८७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि घरात, अंगणात, शेतात ती इतकी ओळखीची आहे की तिला शोधावे लागत नाही. तुरीच्या शेंड्यांवर, पाठीवर शिंगासारखा उंचवटा असलेले जे रसशोषक किडे घोळक्याने बसतात, त्यांच्याभोवती राखण करणारे काळे मुंगळे बहुतेक शेतकऱ्यांनी पाहिलेले असतात. किड्यांच्या अंगातून निघणारा गोड चिकट रस हे त्या राखणीचे मोल. मुंगळ्याची राणी पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास लांब, वक्ष फुगीर, पोट मोठे व चकचकीत. कामकरी मुंगळ्याचे वक्ष बाजूने चपटे असते, तर राणीचे पंखांच्या स्नायूंमुळे कुबडासारखे वर उचललेले दिसते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पंखांचे खुंट भिंगाशिवायही दिसतात. तिच्या कपाळावर तीन बारीक साधे डोळेही असतात, पण त्यासाठी भिंग लागते. मोठा आकार, बंदिस्त संस्थापन आणि काटकपणा या तिन्ही गुणांमुळे नवशिक्याच्या हातून ती दगावण्याचा धोका कमी राहतो. बिळाच्या तोंडाभोवती गवताच्या टरफलांचे गोल कडे रचणाऱ्या धान्यवेच्या मुंग्या, उदाहरणार्थ ट्रायकोमिरमेक्स स्केब्रिसेप्स किंवा फायडोली वंशातील काही जाती, अभ्यासाला अधिक रंजक आहेत. परंतु त्यांच्या राण्या लहान व हाताळण्यास नाजूक असतात, तेव्हा त्या दुसऱ्या पावसाळ्यासाठी राखाव्यात. आणि डायकॅमा नावाच्या, खरखरीत अंगाच्या काळ्या शिकारी मुंगीच्या बाबतीत तर राणी शोधणे हाच व्यर्थ खटाटोप आहे, कारण त्या मुंग्यांत राणी नसतेच; कामकऱ्यांपैकीच एकीचा समागम होतो आणि ती अंडी घालते.

प्रकाश सापळा हे साधन वऱ्हाडातील शेतकऱ्याला नवे नाही; हुमणीचे भुंगेरे मारण्यासाठी तो लावतच असतो. राणीसाठी लावायचा सापळा त्याहून सौम्य हवा, म्हणजे खाली रॉकेलमिश्रित पाण्याची परात न ठेवता भिंतीवर पांढरी चादर ताणून तिच्यापुढे पांढऱ्या किंवा निळसर प्रकाशाचा दिवा टांगावा. पिवळसर एलईडी दिव्यावर किडे कमी येतात. ज्या गावात पाऊस पडताच वीज जाते तेथे बॅटरीचा दिवा हाताशी असावा हे सांगण्याची गरज नाही. वेगळा दिवा न लावताही बसथांबा, पेट्रोल पंप किंवा ग्रामपंचायतीसमोरील खांब यांच्याखालची जमीन पावसानंतर तासाभराने न्याहाळली तर पुष्कळदा काम भागते. चादरीवर येणाऱ्या गर्दीत मात्र फसगत फार. सगळ्यांत मोठा, तांबूस-पिवळट, लोंबत्या जाड पोटाचा आणि दिव्यावर धाडधाड आपटणारा जो किडा अनेकांना राणीच वाटतो, तो डोरायलस या भूमिगत फौजी मुंग्यांचा नर असतो. त्या मुंग्यांच्या राणीला पंख कधीच नसतात आणि ती दिव्यावर येतही नाही. दुसरी फसगत उधईच्या पाखरांची. उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे, मिशा कोपरासारख्या मोडलेल्या आणि कंबर सुतासारखी बारीक. उधईचा संसार राजा आणि राणी मिळून मांडतात, म्हणून पंख गाळलेली उधईची जोडी एकीमागे एक पळताना दिसते. मुंगीच्या बाबतीत नर केव्हाच मेलेला असतो आणि एकटी मादी पुरते. शेतात उभी दिसणारी मोठी मातीची वारुळेही उधईचीच बांधणी असतात, तेव्हा मुंगीची राणी मिळावी म्हणून वारूळ फोडणे निष्फळ तर आहेच, शिवाय त्यात मुक्कामाला असलेल्या सापाशी गाठ पडण्याचीही शक्यता असते.

दिव्यावर आलेल्या पंखवाल्या राणीचा समागम झालेला असेलच असे नाही, ही प्रकाश सापळ्याची मोठी उणीव. उड्डाणाला निघतानाच ती दिव्याकडे वळली असेल तर तिची अंडी एक तर फळत नाहीत किंवा त्यांतून फक्त नर निपजतात, आणि हे कळेपर्यंत दोन महिने वाया जातात. पंख गाळून घाईघाईने जमिनीवर चालणारी राणी हीच खरी विश्वासाची. अर्थात पकडताना झालेल्या झटापटीत किंवा त्रासाने समागमाविनाही काही राण्या पंख गाळतात. त्याहून खात्रीची जागा म्हणजे तिची अर्धवट खणलेली कोठडी. पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, धुऱ्याच्या उघड्या ओल्या मातीवर पाच-सहा मिलिमीटर रुंदीचे भोक आणि त्याच्या एकाच बाजूला ढीग झालेल्या ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या, की जरा थांबून पाहावे: थोड्या वेळाने भोकातून आधी मिशा, मग डोके आणि जबड्यात धरलेली मातीची गोळी बाहेर येते, राणी ती ढिगावर टाकते आणि मागच्या मागे आत सरकते. एकाच बाजूचा ढीग आणि गोळी टाकणारी नेहमी तीच, या दोन खुणांवरून ते जुन्या वसाहतीचे तोंड नव्हे हे ओळखता येते. ती पुन्हा वर आली की नळीचे तोंड समोर धरून गवताच्या काडीने तिला आत वळवावे. चिमट्याने धरू नये. जुने बीळ खोदून राणी काढण्याची रीत या पुस्तकात मुद्दामच दिलेली नाही. खोल खोदूनही ती बहुधा सापडत नाही, सापडली तरी जखमी निघते, आणि तिच्यामागे राहिलेली हजारो कामकऱ्यांची वसाहत नवी राणी घडवू शकत नसल्याने काही महिन्यांत संपते. ज्याला आरंभ पाहायचा आहे त्याला चालता संसार उद्ध्वस्त करून काहीच साधत नाही.

पकडलेल्या राणीसाठी लागणारे घर अगदी थोड्या पैशांतही होते. काचेच्या परीक्षानळीत एक तृतीयांश पाणी भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा पाण्यापर्यंत सरकवावा, म्हणजे कापूस ओला राहतो पण पाणी सांडत नाही. उरलेल्या कोरड्या भागात राणी सोडून तोंडाशी दुसरा, हवा जाईल इतका सैल बोळा लावावा. नळी काळ्या कागदात गुंडाळून अंधारात, धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावी. पत्र्याच्या छपराखाली पावसाची उघडीप पडली की नळी तापते व पाण्याची वाफ धरून राणी भिजते. त्यापेक्षा धाब्याच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीतली देवळी उत्तम, आणि ती नसेल तर माठाजवळची सावलीची फळी चालते. पुढचे काम न करण्याचे आहे, आणि बहुतेकांना तेच अवघड जाते. राणी आठवडाभरात पांढुरकी लांबट अंडी घालते व त्यांचा जुडगा तोंडात धरून ओल्या कापसापाशी ठेवते. दर दिवशी कागद काढून उजेडात पाहणाऱ्याच्या राण्या घाबरून तीच अंडी खाऊन टाकतात. अंड्यातून अळी, अळीभोवती तपकिरी कोश आणि कोशातून कामकरी मुंगी, हा प्रवास मुंगळ्यात साधारण महिना-दीड महिन्याचा. तोवर आठवड्यातून एकदा, तेही ओझरते पाहणे पुरे. पहिली लेक बाहेर आल्यावर साखरपाण्याचा एक थेंब आणि डासाएवढा मेलेला किडा द्यावा, त्याआधी काही देऊ नये.

एकटी राणी वसाहत उभारू शकते हे आज गृहीत धरले जाते, पण एकोणिसाव्या शतकातही त्याबद्दल वाद होता. इंग्लंडमधील सर जॉन लबॉक यांनी १८७६ मध्ये आपल्या बागेत उडताना सापडलेल्या मिर्मिका वंशातील नर-माद्या वेगळ्या ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी त्या माद्यांनी कोणाच्याही मदतीवाचून कामकरी मुंग्या वाढवल्याचे पाहिले. काचेच्या तावदानांमध्ये मुंग्या पाळून केलेली त्यांची ही निरीक्षणे १८८२ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात आहेत. महाराष्ट्रातील मुंग्यांचा लेखी अभ्यास त्याहूनही जुना. लेफ्टनंट कर्नल विल्यम सायक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ ते १८३१ या काळात दख्खनमध्ये होते. पुण्याच्या पडीत जमिनीवर, पावसाने भिजलेले गवताचे बी बिळातून वर काढून उन्हात वाळत घालणाऱ्या मुंग्या त्यांनी पाहिल्या आणि १८३५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मुंबई इलाख्याचे वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ या अर्थाच्या शीर्षकाची लेखमाला लिहिली, आणि १९०३ मध्ये बिंगहॅम यांचा भारतातील मुंग्यांवरील खंड निघाला. या साऱ्या नोंदींत पुणे, ठाणे, कारवार ही नावे वारंवार येतात, वाशीम येत नाही. आणि त्याचे कारण मुंग्यांत नसून कारभारात आहे. वऱ्हाड १८५३ पासून हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांकडे आलेला मुलूख होता, मुंबई इलाख्याच्या वनखात्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. वाशीम हा त्यात जिल्हा होता तोही १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत भारतातील मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती नोंदल्या आहेत, आणि त्या राज्यवार आहेत. जिल्हावार चित्र भरण्याचे काम स्थानिक हौशी माणसानेच करायचे उरते.

मुंगी पकडून कोंडणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यात बाजूला सारता येण्यासारखा नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्राचीन क्षेत्र आहे, कारंजा हे भट्टारकांच्या गाद्यांचे व हस्तलिखित ग्रंथभांडारांचे गाव आहे, आणि जैन शास्त्रात मुंगीला निश्चित स्थान आहे: तत्त्वार्थसूत्रात जीवांची इंद्रियांवरून जी चढती वर्गवारी आहे, तिच्यात स्पर्श, चव आणि गंध ही तीन इंद्रिये असलेल्या जीवांचे उदाहरण म्हणून मुंगीच दिली आहे. मुंगळ्याला डोळे असतात हे खरे, पण त्याचा सारा व्यवहार गंधावर चालतो हे आधुनिक कीटकशास्त्रही सांगते, तेव्हा त्या वर्गवारीतील निरीक्षण वरवरचे म्हणता येत नाही. साधूंनी चातुर्मासात विहार थांबवून एके ठिकाणी राहावे हा नियमही पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू फार होतात या जाणिवेतून आलेला आहे, आणि राण्या उतरण्याचा मोसम तोच. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये ही गावोगावची रूढी आणि बिळाच्या तोंडाशी पीठ-साखर घालणाऱ्या घरांतील रीत, यांचा कलही त्याच दिशेचा आहे. यावर इतकेच म्हणता येते, की उडालेल्या राण्यांपैकी बहुसंख्य त्याच रात्री किंवा पुढच्या काही दिवसांत मरतात, त्यातील एक-दोन उचलल्याने त्या रानातील मुंग्यांचे काही कमी होत नाही, आणि नळीतील राणीला जगण्याची संधी बाहेरच्यापेक्षा अधिक मिळते. हा हिशोब शास्त्राचा आहे, श्रद्धेचा नाही. ज्याला तो पटत नसेल त्याने दिव्याखालची राणी पाहून तिची वाट मोकळी सोडावी.

कायद्याची बाजू त्यामानाने स्पष्ट आहे. अभयारण्यातून कोणताही वन्य जीव परवान्याशिवाय नेण्यास वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची मनाई आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार भारतातील जैविक संसाधन संशोधनासाठी वा व्यापारासाठी मिळवायचे तर परदेशी व्यक्तीला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते. राणी विकण्याचा विषय या पुस्तकाने वर्ज्य मानला आहे, आणि त्याचे कारण दाखवायला केनियाचे ताजे उदाहरण पुरेसे आहे. २०२५ मध्ये तेथे दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या, त्यांत बहुतेक मोठ्या लाल धान्यवेच्या जातीच्या राण्या होत्या, आणि त्या ठेवल्या होत्या कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांमध्येच. न्यायालयाने त्यांना दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाची कैद ठोठावली. धुऱ्यावरून एक राणी उचलणे आणि परदेशी छंदिष्टांसाठी हजारोंनी राण्या गोळा करणे यांत साधन एकच असते; फरक पडतो तो संख्येने, हेतूने आणि ती मुंगी जिथली तिथे राहते की नाही याने.

जिथली तिथे राहण्याचा हा दंडक गावपातळीवरही पाळावा लागतो. मूळची अमेरिकेतील आणि आता भारतभर पसरलेली डसणारी लाल आगमुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा, माती, रोपे आणि माणसाचा निष्काळजीपणा यांच्याबरोबरच पसरत गेली. म्हणून रिसोडला सापडलेली राणी मानोऱ्यात सोडू नये, आणि पाळलेली वसाहत नको झाली तर ज्या धुऱ्यावरून राणी आणली तेथेच, पावसाळ्याच्या तोंडी सोडावी. प्रत्येक नळीवर चिठ्ठी असावी: तारीख, वेळ, गाव व जागा, शेवटची सर केव्हा पडली, राणीला पंख होते की नव्हते, ती दिव्यावर सापडली की कोठडीत. राणी मेली तर तिला फेकून न देता, पहिल्या खेपेच्या दोन-चार लेकी निपजल्या असतील तर त्यांच्यासह, अल्कोहोलच्या कुपीत त्याच चिठ्ठीसकट जपावे. मुंग्यांच्या जाती ओळखण्याची शास्त्रीय कोष्टके मुख्यतः कामकऱ्यांच्या अंगलक्षणांवर बेतलेली असल्याने कित्येक जातींच्या राण्यांची वर्णने अपुरी आहेत, आणि एकाच वसाहतीतील राणी व तिच्या लेकी एका कुपीत, गाव आणि तारखेसह, संग्रहालयाला एरवी क्वचितच मिळतात.